घरच्या छोट्या लेथचा ताठपणा

कारखान्यातली टनभर वजनाची लेथ आणि घरातल्या टेबलावर मावणारी चाळीस किलोची लेथ एकाच तत्त्वावर चालतात. जॉब फिरतो, टूल त्याला समांतर सरकतं आणि धातूचा पातळ पापुद्रा निघत जातो. फरक आहे तो ताठपणाचा. टूल धातूत शिरतं तेव्हा धातूही टूलला मागे रेटतो आणि त्या रेट्याखाली यंत्राचा प्रत्येक भाग थोडाथोडा हलतो. बेड पिळला जातो, स्पिंडल बेअरिंगमधल्या फटीएवढं उचललं जातं, स्लाइड आपल्या खाचेत कलते, टूलचं टोक खाली झुकतं. एकेक हालचाल क्षुल्लक असते, पण त्यांची बेरीज जॉबवर उमटते. कधी व्यास एका टोकाला जास्त भरतो, कधी पृष्ठभागावर थरथरीच्या लाटा दिसतात, कधी जॉब कापून वेगळा करणारं पार्टिंग टूल कचकन मोडतं.

हिशेब करून पाहिला की प्रकरण किती नाजूक आहे ते कळतं. १० मिमी व्यासाचा पोलादी रॉड चकमधून १०० मिमी बाहेर ठेवून त्याच्या टोकाला दहा किलोचा आडवा रेटा दिला, तर टोक सुमारे ०.३४ मिमी हलतं. व्यासात ही चूक दुप्पट दिसते. रॉड २० मिमीचा घेतला तर हलणं सोळा पट कमी होऊन ०.०२ मिमीवर येतं, कारण ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. रॉड १० मिमीचाच ठेवून लांबी अर्धी केली तर वाकणं आठ पट घटतं, कारण लांबीचा परिणाम घनाने होतो. टूल पोस्टमधून बाहेर डोकावणाऱ्या टूललाही हाच नियम लागू आहे. टूल १५ मिमीऐवजी ३० मिमी बाहेर ठेवलं की ते आठ पट जास्त झुकतं.

घरी छोटी लेथ आणली की मोटर मोठी बसवावी, वेग वाढवावा, डिजिटल रीडआउट लावावा, असे मोह होतात. माझं ठाम मत असं की हे सगळं नंतर. आधी यंत्रातला सर्वात लेचापेचा सांधा शोधावा, तो ताठ करावा, मग त्यानंतरचा. या क्रमाने गेलं तर फार थोड्या खर्चात छोटी लेथ अशी काही सुधारते की तिच्यावर ०.०१ ते ०.०२ मिमीच्या मर्यादेत काम करता येतं.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आहे ती जगभर ‘मिनी लेथ’ या नावाने खपणारी चिनी धाटणीची लेथ. शांघायच्या सीग कंपनीची सी-२ आणि सी-३ ही मॉडेलं, आणि त्याच नकाशावरून इतरांनी बनवलेली, वेगवेगळ्या रंगांत आणि नावांत विकली जाणारी तिची भावंडं. तिला ‘७ बाय १०’, ‘७ बाय १२’ किंवा ‘७ बाय १४’ म्हणतात. पहिला आकडा बेडवर फिरू शकणाऱ्या जॉबचा जास्तीत जास्त व्यास, म्हणजे ७ इंच किंवा सुमारे १८० मिमी. दुसरा आकडा दोन सेंटरांमधलं अंतर. स्पिंडलमधून २० मिमीचा रॉड आरपार जातो, स्पिंडलला मोर्स टेपर ३ आणि टेलस्टॉकला मोर्स टेपर २ असतो, चक ८० मिमीचा मिळतो. सुट्या भागांची एवढी उपलब्धता दुसऱ्या कुठल्याही छोट्या लेथला क्वचितच असेल. राजकोटच्या बनावटीची किंवा एखाद्या बंद पडलेल्या वर्कशॉपमधली जुनी, जड लेथ मिळाली आणि तळमजल्यावर जागा असली, तर ती जरूर घ्यावी. बिडाच्या वजनाला पर्याय नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत दोन माणसांनी उचलून नेता येईल अशी लेथ हवी असेल, तर ही मिनी लेथ.

खोका उघडला की यंत्र लालसर चिकट ग्रीसने माखलेलं दिसतं. हे वंगण नव्हे. समुद्रप्रवासात गंज धरू नये म्हणून फासलेलं ते आवरण असतं आणि त्यात ओतकामाची वाळू, कानशीचा कीस असं काहीबाही अडकलेलं असतं. ते रॉकेलने पूर्ण धुऊन काढावं आणि त्यासाठी कॅरेज, क्रॉस स्लाइड, टेलस्टॉक सगळं सुटं करावं. एक दिवस यात जातो, पण यंत्राची खरी ओळखही याच दिवशी होते. कुठल्या कडेला धार राहिली आहे, कुठला बोल्ट तिरपा बसलेला आहे, कुठली गिब पट्टी वाकडी कापली आहे, ते सुटं केल्याशिवाय दिसत नाही. धारदार कडा बारीक कानशीने किंवा तेलाच्या दगडाने मोडाव्यात. बेडच्या घासलेल्या पृष्ठभागांना मात्र कानस लावायची नाही. तिथे फक्त उंचवटे दगडाने हलकेच काढायचे. जोडताना स्लाइडना ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल लावावं. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात उघडं बीड दोन दिवसांत तांबारतं, तेव्हा काम संपलं की तेलाचा बोळा फिरवण्याची सवय याच दिवसापासून लागलेली बरी.

आता बैठक. मिनी लेथ रबराच्या पायांवर, पत्र्याच्या ट्रेसकट येते. रबरामुळे बेडवर ताण येत नाही हे खरं, पण पातळ पत्रा आणि रबर यांच्यावर उभं असलेलं यंत्र प्रत्येक कटला डुलतं. रबर काढून टाकावं, ट्रेच्या खालून-वरून पोलादी वॉशर किंवा चकत्या घालाव्यात आणि बेड थेट जड, सपाट बैठकीला बोल्टने धरावा. आपल्याकडे यासाठी फार छान आणि स्वस्त सोय आहे. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट किंवा कडप्पा कापून देणाऱ्याकडे उरलेले तुकडे मिळतात. दोन फरशा एकावर एक इपॉक्सीने चिकटवून, खाली लोखंडी अँगलची वेल्ड केलेली चौकट दिली की लाकडी टेबलापेक्षा कितीतरी ताठ आणि जड बैठक तयार होते. दगड थरथर शोषतो आणि दमट हवेत लाकडासारखा फुगत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लेथ ‘लेव्हलमध्ये’ बसवायची असं सगळे सांगतात, पण लेथला पृथ्वीशी समांतर असण्याची गरज नाही. जहाजांवर लेथ असतात, आणि जहाज तर सतत कलतं. गरज आहे ती बेडला पीळ नसण्याची. चार पायांपैकी एका पायाखालची जागा ०.२ मिमी खोल असेल आणि आपण तो बोल्ट आवळला, तर बेडचा तो कोपरा खाली खेचला जातो आणि टेलस्टॉककडचं टोक हेडस्टॉककडच्या टोकाच्या मानाने पिळतं. मग कॅरेज बेडवरून सरकताना टूल सरळ रेषेत जात नाही. लेव्हल वापरतात ती हा पीळ मोजण्यासाठी. सुताराची लेव्हल यासाठी निरुपयोगी आहे, मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी यांत्रिकी लेव्हल लागते आणि ती महाग असते. सुदैवाने तिच्यावाचून चालतं, कारण लेथ स्वतःच स्वतःचा पीळ सांगते.

ती चाचणी अशी. २५ किंवा ३० मिमी व्यासाचा रॉड चकमध्ये घट्ट धरून साधारण १२० मिमी बाहेर काढायचा. टेलस्टॉकचा आधार द्यायचा नाही. रॉडच्या दोन टोकांना, म्हणजे चकजवळ आणि मोकळ्या टोकाशी, सेंटीमीटरभर रुंदीचे दोन पट्टे ठेवून मधला भाग मिलिमीटरभर खोल कापून टाकायचा. मग धारदार टूलने, क्रॉस स्लाइडला अजिबात हात न लावता, दोन्ही पट्ट्यांवरून एकच अगदी हलका कट घ्यायचा आणि मायक्रोमीटरने दोन्ही व्यास मोजायचे. रॉड जाड हवा, कट हलका हवा, हे दोन्ही आग्रह सोडायचे नाहीत. एक किलोच्या रेट्याने २५ मिमीचा रॉड १२० मिमीवर जेमतेम दीड मायक्रॉन वाकतो, म्हणून व्यासातला जो फरक दिसेल तो रॉडच्या वाकण्याचा नसून यंत्राच्या भूमितीचा आहे अशी खात्री देता येते. बारीक रॉडवर हीच चाचणी केली तर मोकळं टोक टूलपासून दूर पळतं, जाड भरतं आणि आपण नसलेला दोष दुरुस्त करत बसतो.

मोकळ्या टोकाचा पट्टा जाड निघाला, तर त्या टोकाला टूल अक्षापासून लांब राहतं आहे. अशा वेळी टेलस्टॉककडच्या बाजूचा पुढचा पाय, म्हणजे आपल्याकडचा, किंचित उचलायचा. पुढचा पाय उचलला की बेडचं ते टोक वरच्या अंगाने मागे कलतं आणि टूल जॉबच्या अक्षाकडे सरकतं. पट्टा बारीक निघाला तर उलट, मागचा पाय उचलायचा. पॅकिंगला काय वापरायचं? झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो आणि थंड पेयाच्या कॅनचा पत्राही साधारण तेवढाच. चाचणीपुरते ते चालतात. कायमचं पॅकिंग मात्र पितळी शिमचं द्यावं. शिमचे रोल मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत मिळतात. पॅकिंग बदललं, बोल्ट आवळले की पुन्हा हलका कट, पुन्हा मोजणी. १०० मिमी अंतरात व्यासाचा फरक ०.०१ मिमीच्या आसपास आला की थांबावं. पीळ सगळा निघूनही फरक उरत असेल तर हेडस्टॉकच बेडवर तिरका बसलेला असतो. मग त्याचे बोल्ट सैल करून, बसण्याची जागा पुन्हा स्वच्छ करून, गरज पडली तर तिथेही शिम घालून तो सरळ करावा लागतो. हे काम चिकाटीचं आहे आणि त्याला आडवाट नाही. दगडाची बैठक नवी असेल तर महिन्याभराने ही चाचणी पुन्हा करावी.

बैठकीनंतर स्लाइड. क्रॉस स्लाइड आणि कंपाउंड स्लाइड कबुतराच्या शेपटीच्या आकाराच्या खाचेत सरकतात आणि खाचेच्या एका बाजूला गिब ही पातळ पट्टी असते. तिला बाजूने तीन-चार स्क्रू दाबतात आणि प्रत्येकाला चेक नट असतो. कारखान्यातून आलेल्या यंत्रात हे स्क्रू बहुधा कसेतरी आवळलेले असतात. पट्टीवर स्क्रूची टोकं बसण्यासाठी केलेले खळगे उथळ किंवा वेडेवाकडे असले की स्क्रू आवळताना पट्टी तिरपी होते आणि स्लाइड एके ठिकाणी घट्ट, दुसरीकडे ढिली चालते. ड्रिलने ते खळगे नीट खोल करून घेतले, पट्टीची दर्शनी बाजू काचेवर पसरलेल्या बारीक पॉलिश पेपरवर तेल टाकून घासून सपाट केली, की तासाभराच्या मेहनतीत स्लाइडचा स्वभाव बदलतो. नीट बसलेल्या स्लाइडचं हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच, हलक्या पण जाणवणाऱ्या प्रतिकाराने फिरतं.

याहून जास्त दुर्लक्षित राहते ती कॅरेजच्या खालची बाजू. कॅरेजला बेडवरून उचललं जाऊ न देणाऱ्या दोन पट्ट्या खालून बसवलेल्या असतात. मिनी लेथमध्ये त्या काही आवळणाऱ्या आणि काही ढकलणाऱ्या स्क्रूंच्या भांडणावर तोललेल्या असतात आणि त्यामुळे वाकतात. ढकलणारे स्क्रू काढून त्या जागी पट्टी आणि कॅरेज यांच्यामध्ये मोजून शिम घालावी आणि पट्टी सरळ आवळून टाकावी, हा बदल मी सर्वांत वर ठेवीन. दोन-तीन तुकडे शिम आणि एक संध्याकाळ, एवढाच खर्च. त्यानंतर पार्टिंग करताना कॅरेजचं पुढचं अंग जे उचललं जायचं ते थांबतं.

आता स्पिंडल. साधारणपणे या लेथमध्ये ६२०६ नंबरची दोन डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग असतात: आतला व्यास ३० मिमी, बाहेरचा ६२, रुंदी १६. पंख्यापासून मोटरसायकलपर्यंत वापरली जाणारी ही जात उत्तम आहे, पण ती मुख्यत्वे आडवा भार पेलण्यासाठी. तिच्यात गोळ्या आणि कडी यांच्यात थोडी मोकळीक ठेवलेली असते, त्यामुळे स्पिंडल किंचित मागे-पुढे आणि वर-खाली हलू शकतं. हे तपासायला डायल गेज चकच्या अंगाला टेकवावं, चकमध्ये धरलेल्या जाड रॉडला हाताने वर-खाली नेटाने रेटावं आणि काटा किती हलतो ते पाहावं. ०.०१ मिमीच्या आत असेल तर बेअरिंगला हात लावायची घाई नको. जास्त असेल तर दोन पर्याय आहेत. ७२०६ ही अँग्युलर काँटॅक्ट बेअरिंग मूळच्याच मापाची असतात, जागेवर तशीच बसतात, फक्त त्यांची तोंडं योग्य दिशांना आहेत ना ते पाहावं लागतं. दुसरा पर्याय ३०२०६ ही टेपर रोलर बेअरिंग. त्यांची रुंदी १७.२५ मिमी असल्यामुळे मधल्या स्पेसरची जाडी वाढलेल्या रुंदीच्या हिशेबाने कमी करावी लागते, आणि त्यांना झाकण नसल्यामुळे ग्रीस टिकवण्याची आणि कीस बाहेर ठेवण्याची व्यवस्था आपणच करायची असते. टेपर रोलर जास्त ताठ, अँग्युलर काँटॅक्ट जास्त वेगाला सुखी. पोलादावर जड काम करायचं असेल तर मी टेपर रोलर घेईन.

या दोन्ही जातींचा खरा फायदा प्रीलोडमध्ये आहे. स्पिंडलच्या मागच्या टोकाचा नट आवळला की दोन्ही बेअरिंग एकमेकांकडे दाबली जातात आणि मोकळीक नाहीशी होते. किती आवळायचं याची कसोटी हात आणि घड्याळ. मध्यम वेगाने अर्धा तास रिकामं चालवल्यावर हेडस्टॉकची पुढची बाजू कोमट लागली पाहिजे, पण हात निवांत ठेवता आला पाहिजे. चटका बसत असेल तर नट अंशभर सोडावा, गारच राहिली तर अंशभर आवळावा. बेअरिंग बसवताना जे कडं घट्ट बसायचं आहे त्याच कड्यावर दाब द्यायचा. स्पिंडलवर चढवताना बाहेरच्या कड्यावर हातोडा मारला तर तो घाव गोळ्यांमधून जातो, त्यांच्या मार्गावर खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुरगुरू लागतं.

टूलकडे येऊ. टूलचं टोक स्पिंडलच्या अक्षाच्या बरोबर उंचीवर हवं. ते तपासायला पोलादी पट्टी जॉब आणि टूलचं टोक यांच्यामध्ये हलकेच चिमटीत धरल्यासारखी दाबायची. पट्टी उभी सरळ राहिली तर उंची बरोबर. पट्टीचं वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. सोबत येणाऱ्या चौकोनी टूल पोस्टमध्ये दर वेळी टूलखाली पत्र्याचे तुकडे घालून उंची साधावी लागते, म्हणून उंचीचा स्क्रू असलेला क्विक चेंज टूल पोस्ट ही पैसे खर्च करण्यासारखी गोष्ट आहे. त्याहून मोठा फरक मात्र काहीतरी काढून टाकल्याने पडतो. कंपाउंड स्लाइड ही तिरप्या कोनातली छोटी स्लाइड टेपर आणि थ्रेडिंग सोडलं तर फारशी लागत नाही, पण टूल आणि बेड यांच्यामध्ये ती एक जास्तीचा, सर्वांत लहान आणि सर्वांत लवचीक सांधा घालते. तिच्या जागी त्याच उंचीचा बिडाचा किंवा पोलादाचा भरीव ठोकळा बोल्टने बसवला आणि त्यावर टूल पोस्ट ठेवला, की पार्टिंगसारखं अवघड कामही सरळ होतं. हा ठोकळा याच लेथवर, फोर-जॉ चकमध्ये धरून, फेसिंग करून बनवता येतो. ब्रिटनमध्ये १८९८ पासून निघणाऱ्या ‘मॉडेल इंजिनिअर’ मासिकाच्या वाचकवर्गाने आणि त्यांच्या आवडत्या मायफोर्ड लेथने घरगुती लेथकामाची जी परंपरा घडवली, तिच्यातली एक युक्तीही इथे उपयोगी आहे. पार्टिंग टूल क्रॉस स्लाइडच्या मागच्या बाजूला, उलटं करून बसवायचं. तिथे टूल वाकलं तर जॉबमध्ये घुसण्याऐवजी बाहेरच्या बाजूला सरकतं.

टूलच्या धातूबद्दलही एक आग्रह. कार्बाइडच्या इन्सर्ट टिप आकर्षक दिसतात, पण त्यांतल्या बऱ्याचशा जड यंत्रांवर, मोठ्या वेगाने आणि खोल कटने चालण्यासाठी घडवलेल्या असतात. त्यांची कड किंचित बोथट असते आणि ती कापण्यासाठी रेटा मागते. छोट्या लेथला हायस्पीड स्टीलचं, बेंच ग्राइंडरवर स्वतः लावलेलं आणि तेलाच्या दगडावर धार काढलेलं टूल जास्त मानवतं. धारेचे कोन लावणं आयटीआयमध्ये टर्नरच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शिकवतात. जवळपास एखादा जुना टर्नर ओळखीचा असेल तर त्याच्या शेजारी बसून ते शिकावं. हे हात पाहून येणारं ज्ञान आहे.

वेगाचा हिशेब सोपा आहे. कापण्याचा वेग मीटर प्रतिमिनिटात घ्यायचा, त्याला १००० ने गुणायचं आणि जॉबच्या मिलिमीटरमधल्या परिघाने भागायचं. हायस्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टील कापताना मिनिटाला २५ मीटर हा चांगला आकडा आहे. २५ मिमी व्यासाला तो सुमारे ३२० फेरे होतो, ८० मिमी व्यासाला सुमारे १००. इथे जुन्या धाटणीच्या मिनी लेथची अडचण समोर येते. तिची ब्रश असलेली डीसी मोटर वेग कमी केला की ताकदही कमी देते आणि तिचा पंखा तिच्याच अक्षावर असल्याने नेमकी तेव्हाच तापते. म्हणून मोठ्या व्यासाला हेडस्टॉकमधला लो गिअर वापरायचाच. हे गिअर प्लॅस्टिकचे असतात आणि टूल अडकलं की त्यांचे दात उडतात. लगेच पोलादी गिअर बसवण्याचा सल्ला मिळतो, तो मला पटत नाही. काहीतरी तुटायचंच असेल तर ते शंभर-दोनशे रुपयांचं प्लॅस्टिक तुटावं, स्पिंडल किंवा मोटर नव्हे. जास्तीची एक जोडी कपाटात ठेवावी. आवाज नको असेल तर गिअर काढून पट्ट्याची रचना करता येते. पट्टाही अडकल्यावर घसरतो, म्हणजे संरक्षण कायम राहतं.

विजेच्या बाबतीत कुठलीही सूट नाही. या लेथच्या वेगनियंत्रक सर्किटमध्ये मोटरच्या तारांवर बहुधा थेट घरच्या २३० व्होल्टच्या लाइनचा ताण असतो, तेव्हा प्लग काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. नीट अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. स्विच असा हवा की वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होणार नाही. भारनियमन ज्यांच्या गावात आहे त्यांना याचं कारण सांगायला नको. चकची चावी चकमध्ये ठेवून हात बाजूला करायचा नाही. हातमोजे, अंगठी, गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, ओढणी, मोकळे केस, लांब बाही, यांतलं काहीही फिरत्या चकजवळ नको. चष्मा हवा. आणि निघणारी लांब कुरळी चिप हाताने ओढायची नाही, आकडा वापरायचा. ती सुरीसारखी कापते.

एवढं झालं की लेथ स्वतःसाठीच भाग बनवू लागते आणि मला यातला सर्वांत आनंदाचा टप्पा हाच वाटतो. पहिलं काम फोर-जॉ चकची बॅकप्लेट. सोबतच्या थ्री-जॉ चकमध्ये जॉब ०.०५ ते ०.१ मिमी एकीकडे बसणं सामान्य आहे. फोर-जॉ चकचे चारही जबडे स्वतंत्र हलतात, त्यामुळे डायल गेज लावून जॉब ०.०१ मिमीच्या आत मध्यावर आणता येतो. हा चक बसवायला बिडाची बॅकप्लेट लागते. तिची मागची बाजू स्पिंडलच्या फ्लँजवर चपखल बसेल अशी करून घेतल्यावर ती बोल्टने स्पिंडलला बांधायची आणि पुढची बाजू, जिच्यावर चक बसणार, ती तिथेच फिरवून कापायची. असं केल्यावर ती बाजू स्पिंडलच्या अक्षाशी समकेंद्री असतेच. शून्य खूण करून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी प्लेट त्याच स्थितीत बसेल.

दुसरं काम आट्यांचं. हेन्री मॉड्स्ली यांनी १८०० च्या सुमारास लंडनमध्ये लीड स्क्रू, स्लाइड आणि बदलते गिअर धातूच्या भक्कम चौकटीत एकत्र आणले आणि हव्या त्या पिचचे आटे यंत्रावर पाडणं रोजचं झालं. आपल्या मिनी लेथवरही रचना तीच आहे. मेट्रिक मिनी लेथच्या लीड स्क्रूचं पिच १.५ मिमी असतं. १ मिमी पिच हवं तर गिअरचं गुणोत्तर ४० ला ६० ठेवलं की झालं. अडचण येते ती इंचाच्या आट्यांना, आणि आपल्या घरात ते भरपूर आहेत: नळाचे सगळे आटे बीएसपी पद्धतीचे. अर्धा इंची नळाला इंचाला १४ आटे, म्हणजे १.८१४ मिमी पिच. अचूक गुणोत्तर १२७ ला १०५ येतं आणि १२७ ही मूळ संख्या असल्याने १२७ दातांचा गिअर हवा, जो या यंत्राच्या पेटीत मावताना मारामार होते. पण ५५ ला ३५ आणि ५० ला ६५ अशी दोन टप्प्यांची जोडणी केली तर गुणोत्तर १.२०८८ मिळतं, अचूक आकडा १.२०९५. वीस मिमी लांबीच्या आट्यात हा फरक साचून ०.०१२ मिमी होतो. नळाला तो कळणारही नाही. इतक्या दातांचे गिअर बहुतेक संचांत असतात. इंचाचा आटा मेट्रिक लीड स्क्रूवर पाडताना कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा हाफ नट मध्येच उघडायचा नाही. टूल मागे घेऊन लेथ उलटी फिरवून कॅरेज परत आणायची.

आटा खांद्यापर्यंत, म्हणजे जॉबचा व्यास एकदम वाढतो तिथपर्यंत, पाडायचा असेल तर मोटरवर हे काम जिवावर येतं, कारण क्षणभर उशीर झाला तर टूल खांद्यावर आदळतं. यासाठी स्पिंडलच्या डाव्या टोकाला बसणारं हातहँडल बनवावं. स्पिंडलच्या २० मिमी छिद्रात जाणारी एक नळी, तिच्या टोकाला उभे चिरे, आत टेपर असलेला नट आणि तो ओढणारा लांब बोल्ट. बोल्ट आवळला की नळी फुगते आणि छिद्रात घट्ट बसते. बाहेरच्या बाजूला हँडल. प्लग काढून, लो-हाय गिअर न्यूट्रलला ठेवून हाताने फिरवलं की टूल खांद्यापाशी अर्ध्या फेऱ्यावर नेऊन थांबवता येतं आणि एकेक आटा कसा उतरतो आहे ते डोळ्यांनी पाहता येतं. प्लग पुन्हा लावण्याआधी हँडल काढलेलं असलंच पाहिजे. एका बाजूला वजन असलेलं ते हँडल मोटरच्या वेगाने फिरलं तर बाहेर फेकलं जातं, म्हणून ते ठेवण्याचा खिळा स्विचच्या अगदी वर ठोकावा.